मुंबई ते न्यूयॉर्क : विमानाचं अंतर नक्की किती आणि वेळ किती?

कृष्णाकाठ

मंडळी, मे महिन्यात आई-बाबांना सांगलीहून इकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला आणायचं आहे. बाबा ७३, आई ६८. दोघांचाही पहिलाच विमानप्रवास. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते, त्यामुळे तिकिटाच्या दरापेक्षा त्यांना वेगळ्याच गोष्टीची काळजी. फोनवर पहिला प्रश्न, "किलोमीटर किती? रनिंग टाइम किती?"

नेटवर अंतर साडेबारा हजार किमी दिसतंय. वेळ मात्र कुठे १५ तास ५० मिनिटं, कुठे १६ तास ४०, कुठे २२, तर एका ठिकाणी चक्क २७. परतीचा आकडा आणखी वेगळा. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "एकाच रस्त्याला एवढा फरक? आमच्या सांगली-स्वारगेट गाडीला पडला असता तर मेमो हातात आला असता."

जाणकारांनी उलगडून सांगा. मला बाबांना उत्तर द्यायचंय.

खारेदाणे

१२,५०० भागिले ९०० = १४ तास. धागा संपला. :)

रनवे२७

खारेदाणे, १४ तासांत पोचवणारी कंपनी सापडली की मलाही कळवा. सविस्तर रात्री लिहितो, आता ड्यूटीवर आहे.

भूगोलाचा_तास

आधी अंतराचं बघू. घरात पृथ्वीचा गोल असेल तर काढा. सुतळीचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि ताणून धरा. सुतळी अरबस्तान-आफ्रिकेवरून जात नाही, सरळ वर चढते. मी मुलांना वर्गात हे करायला लावायचो, दरवर्षी कुणीतरी "सर, गोल तिरका आहे" म्हणायचंच.

ती सुतळी कुठून जाते बघा : सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या आसपास, मग अफगाणिस्तानातलं हेरात, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, मॉस्कोच्या किंचित उत्तरेला, फिनलंड, नॉर्वेचं ट्रॉन्डहाइम, आइसलंडची राजधानी रेक्याविक, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, कॅनडातलं लॅब्राडोर आणि वरून खाली न्यूयॉर्क. वाटेत ती जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत जाते. मुंबई १९ अंशांवर, न्यूयॉर्क ४१ वर, आणि मधला रस्ता ६५ वर! मुंबईतून निघताना तोंड पश्चिमेला नसतंच, उत्तरेला असतं, किंचित पश्चिमेकडे कललेलं.

हे सुतळीचं अंतर माझ्या गणिताने १२,५३० किमी. नेटवर दिसतं ते हेच. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर फसाल. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे.

टेकडीवरचा

सर, एक बाळबोध शंका. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. आपण विमानाने पश्चिमेला निघालो, तर न्यूयॉर्क स्वतःच आपल्याकडे येत असणार ना? मग जाताना वेळ कमी लागायला हवा. प्रत्यक्षात जास्त लागतो.

खारेदाणे

मग विमान कशाला? हेलिकॉप्टर घेऊन सहार विमानतळावर तरंगत राहायचं. बारा तासांनी खाली अमेरिका.

भूगोलाचा_तास

हसू नका, प्रश्न चांगला आहे. डेक्कन क्वीनमध्ये शेजारच्याला चहाचा कप देताना कप मागच्या डब्यात उडून जातो का? कप, चहा, तुम्ही, सगळेच गाडीच्या वेगाने चाललेले असता. तसंच विमान ज्या हवेतून जातं ती हवाही पृथ्वीबरोबर फिरतेय. त्यामुळे नुसत्या फिरण्याचा फायदा-तोटा काही नाही. पण त्या फिरण्यामुळे वारे वळतात, आणि खरा खेळ तिथे आहे. ते रनवे२७ सांगतील, त्यांचं रोजचं काम आहे.

रनवे२७

आलो. मी उड्डाणांची आखणी करणाऱ्या विभागात आहे. कंपनी विचारू नका.

वारा. साधारण ९ ते १२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराच्या वाऱ्याचे पट्टे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात जास्त जोरात. ताशी दीडशे-दोनशे किमी सहज, कधी त्याहून बरेच जास्त. विमानाचा ९०० चा वेग हा हवेतला वेग. हवाच समोरून ८० ने येत असेल, तर जमिनीच्या हिशेबात उरले ८२०. तेवढीच पाठीमागून आली तर ९८०. आता खारेदाण्यांचा भागाकार परत करा : जाताना सव्वापंधरा तास, येताना पावणेतेरा. अडीच तासांचा फरक नुसत्या वाऱ्याचा. फेब्रुवारी २०२० मध्ये एका वादळामुळे न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं. जमिनीच्या हिशेबात त्याचा वेग १३०० च्या वर गेला होता.

म्हणून आम्ही सर्वांत जवळचा रस्ता नाही, कमी वेळाचा रस्ता शोधतो. तो रोज बदलतो. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान युरोप-अटलांटिकऐवजी पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर हजारभर किमीने वाढलं, वेळ उलट कमी झाला, कारण वारा पाठीशी.

दुसरं म्हणजे तिकिटावर छापलेली वेळ. ती दार बंद होऊन विमान हललं तिथपासून, पलीकडे जागेवर उभं राहिलं तिथपर्यंतची. मुंबईत धावपट्टीसाठी रांगेत थांबणं, तिकडे उतरायच्या आधी घिरट्या, सगळं त्यात धरलेलं. वर थोडं राखीव ठेवतात, म्हणजे वेळेवर पोचल्याची आकडेवारी चांगली दिसते. बाबांना हे नक्की कळेल, एसटीतही राखीव मिनिटं असणारच.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. आकाशात कुंपणं आहेत.

कृष्णाकाठ

बाबांना फोनवर वाचून दाखवलं. राखीव मिनिटांवर खूप हसले. म्हणाले, कराडला दहा मिनिटं धरायचो. पुढे लिहा साहेब.

रनवे२७

सरांनी सांगितलेल्या सुतळीवर परत जा. सिंध म्हणजे पाकिस्तान. मोहेंजोदडो दिसेल या आशेने खिडकी धरू नका. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटनंतर पाकिस्तानची हद्द बंद झाली, ती थेट १६ जुलैला उघडली. पुन्हा २४ एप्रिल २०२५ ला त्यांनी भारतीय विमानांना हद्द बंद केली आणि मग महिन्या-महिन्याने मुदत वाढवत नेली. पुढे सुतळीवर रशिया येतो. २०२२ पासून अमेरिकन, कॅनडियन आणि युरोपियन युनियनच्या विमानांना तो बंद आहे, भारतीय विमानांना नाही. मधेच कधी इराण, इराक. जून २०१९ मध्ये इराणने अमेरिकन ड्रोन पाडलं, तर युनायटेडने नेवार्क-मुंबई विमानच थांबवलं होतं. जून २०२५ मध्ये इराणची हद्द बंद झाली, पाठोपाठ काही तास कतारचीही.

म्हणजे एकाच दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या दोन कंपन्यांचे रस्तेही वेगळे असू शकतात. शेपटीवर कुठल्या देशाचा झेंडा आहे त्यावर ठरतं.

वळसा पडला की नुसता वेळ वाढत नाही. मोठं ७७७ विमान तासाला सात-साडेसात टन इंधन खातं. एक तास वाढला की तेवढं जादा भरायचं, आणि जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. मग सामान कमी करा, नाहीतर काही सीट रिकाम्या ठेवा, नाहीतर मधे कुठेतरी तेलपाण्याला थांबा. २०२५ मध्ये दिल्लीहून उत्तर अमेरिकेला जाणारी काही विमानं व्हिएन्नाला आणि कोपनहेगनला तशीच थांबत होती. ज्यांनी 'थेट' म्हणून तिकीट काढलं होतं त्यांची चिडचिड समजू शकतो.

टेकडीवरचा

हे भारी आहे. आम्ही समजत होतो आकाश मोकळं असतं.

जुनी_फिएट

मी १९७४ साली गेलो. सांताक्रूझहून ७४७, वरच्या मजल्यावर जाणारा गोल जिना बघायला आम्ही रांग लावली होती. मधे दोन-तीन ठिकाणी उतरत, लंडनला बराच वेळ काढून न्यूयॉर्क. किती तास लागले ते खरंच आठवत नाही. कोटाच्या आतल्या खिशात आठ डॉलर होते ते आठवतं. वडील दादरहून सोडायला आले होते, त्यांच्याबरोबर नऊ माणसं आणि एक हार.

आमच्या आधीच्या लोकांचं ऐकाल तर आपण सुखी. एअर इंडियाचं पहिलं मुंबई-लंडन उड्डाण ८ जून १९४८ चं, 'मलबार प्रिन्सेस' नावाचं कॉन्स्टेलेशन विमान, कैरो आणि जिनिव्हाला थांबत. प्रवासी ३५. न्यूयॉर्कपर्यंत एअर इंडिया पोचली १४ मे १९६० ला, बोइंग ७०७ मधून, तेही लंडनमार्गे.

एडिसनकर_काका

कृष्णाकाठ, शेजारीच आहात की! ओक ट्री रोडवर भेटू. मी तीन वेळा सासू-सासऱ्यांना आणलंय, त्यामुळे एक वेगळा हिशेब देतो.

थेट विमान म्हणजे जवळचा रस्ता आणि लंडनवरून म्हणजे लांबचा, असं सगळे धरून चालतात. मुंबई-लंडन ७,२१० किमी. लंडन-न्यूयॉर्क ५,५४०. बेरीज १२,७५०. सरांचा सुतळीचा आकडा १२,५३०. फरक २२० किमी, विमानाला पंधरा मिनिटं! फ्रँकफर्टमार्गे केलं तरी बेरीज तेवढीच येते. दुबईमार्गे १२,९३०, दिल्लीमार्गे १२,८९०. मग २२ तास आणि २७ तास कुठून आले? विमानतळावरच्या खुर्च्यांमधून. सगळा वेळ जमिनीवर जातो.

त्यामुळे बाबांना सांगा, किलोमीटर सोडून द्या, थांब्याचे तास बघा.

भूगोलाचा_तास

काका, गणित तपासलं. बरोबर आहे. सुतळी ट्रॉन्डहाइमवरून जाते आणि लंडन तिच्यापासून बरंच दक्षिणेला, तरी एवढाच फरक, हे मलाही आधी लक्षात आलं नव्हतं. जवळजवळ सरळ रेघेला मधेच थोडा बाक दिला तर लांबी फार वाढत नाही, एवढंच कारण. हाँगकाँगमार्गे मात्र बघू नका, ते १७ हजारांच्या पुढे जातं.

ताकभात

मी गेल्या वर्षी आईला आणलं, म्हणून माझे दोन पैसे.

वयस्कर माणसांना थांबा द्यायचा की थेट न्यायचं हे गुडघ्यांवर आणि इंग्रजीवर अवलंबून. आईला मधुमेह, गुडघे चांगले, भाषेची भीती. तिला थेट बरं. सासऱ्यांना प्रोस्टेट आणि पाठ, पण माणूस पक्का बोलका, कुठेही चहा मिळवतो. त्यांना थांबा बरा. थेट जायचं तर आतल्या वाटेच्या कडेची सीट घ्या, खिडकीचा मोह नको. दोन-दोन तासांनी उठून चार पावलं चालायचं, पाणी पीत राहायचं, पायाला घट्ट मोजे घालायचे की नाही ते डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर वेळा डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, कारण घड्याळ साडेनऊ तास मागे सरकणार आणि "रात्रीची गोळी" म्हणजे कुठली रात्र हा प्रश्न विमानात पडतो. औषधं सगळी हातातल्या पिशवीत. लोणच्याच्या बरण्या मोठ्या बॅगेत, हातात १०० मिलीच्या वर काही पातळ चालत नाही. आईने मेतकुटात तूप कालवून डबा हातात घेतला होता, त्यावर सहारला पाऊण तास चर्चा झाली.

चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच मागून ठेवा. चालता येत असलं तरीही. लाज वाटते म्हणतात, पण रांगेत दीड तास उभं राहिलं की लाज जाते.

आणि एक तिकीट, एकच पीएनआर. आम्ही स्वस्त पडतात म्हणून दोन वेगळी काढली होती. पहिलं विमान दोन तास उशिरा, दुसरं निघून गेलेलं, आणि काउंटरवर उत्तर : "हे आमचं नाही." आई अकरा तास बाकावर. कंपनीचं नाव घेत नाही, चूक आमचीच होती.

एडिसनकर_काका

ताकभात, अगदी. थांबा घ्यायचाच तर अबू धाबीचाही विचार करा. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसायच्या आधीच होतं. इकडे उतरल्यावर सरळ बॅगा घ्यायच्या आणि बाहेर. मात्र त्यासाठी मधे वेळ पुरेसा हवा, दीड तासाची जोडणी घेऊ नका, तीन-चार तास ठेवा.

टेकडीवरचा

ताकभात, साडेनऊ की साडेदहा? माझा भाऊ न्यू जर्सीला आहे, आम्ही साडेदहा धरतो.

ताकभात

दोन्ही. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे. उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. ते मे मध्ये येतायत म्हणून साडेनऊ. तिकिटावर दोन्हीकडच्या स्थानिक वेळा असतात, वजाबाकी करताना हे विसरलं की गोंधळ.

आईचा किस्सा : रात्री दीडला मुंबई सोडली, उतरली तेव्हा घड्याळात सकाळचे साडेआठ. म्हणे, "सात तास! नागपूरला जायला याहून जास्त लागतात." परत गेली तेव्हा उलटं. शनिवारी निघाली, रविवारी दुपारी पोचली, आणि मधली रात्र कुठे गेली म्हणून महिनाभर विचारत होती.

कृष्णाकाठ

आता आईचा प्रश्न. निघायचा दिवस संकष्टीच्या जवळ येतोय. विमानात असताना चंद्रोदय कुठला धरायचा?

खारेदाणे

खिडकीतून दिसेल तो. पस्तीस हजार फुटांवर पहिला मान तुमचाच.

जुनी_फिएट

आमच्या सौ. जिथे उतरतील तिथला धरतात. प्रवासात असाल तर फराळाचं खाऊन घ्या म्हणावं, गणपती रागावत नाही. विमानात साबुदाण्याची खिचडी मिळत नाही एवढंच दुःख.

रनवे२७

अवांतर होतंय पण एक गंमत. उन्हाळ्यात त्या उत्तरेकडच्या वाटेने विमान गेलं तर काळोख नीट होतच नाही. सूर्य क्षितिजाशी रेंगाळत राहतो. पश्चिमेला जाताना तर सकाळ तासन् तास लांबते. आईंना सांगा, चंद्राचं राहू दे, सूर्योदय मात्र पोटभर बघायला मिळेल.

भूगोलाचा_तास

आणि त्यासाठी ताकभात यांचा सल्ला मोडून खिडकी घ्यावी लागेल. :)

कृष्णाकाठ

पोचले एकदाचे! इथल्या सगळ्यांनी एवढं लिहिलं, म्हणून बाबांच्या वहीतून जसंच्या तसं देतो. थेट विमान घेतलं होतं. आई खिडकीत, बाबा वाटेच्या कडेला. मधल्या सीटवर नशिबाने कुणी नव्हतं.

सांगली घर सोडलं सकाळी ११:००. सहार रात्री ८:००. (खंबाटकीला ५० मिनिटं खोळंबा, शेरा : 'रस्त्याचं काम, पर्यायी वाहतूक नाही.') विमान सुटायची वेळ १:३०, प्रत्यक्ष उड्डाण २:०५. समोरच्या पडद्यावर एकूण अंतर १३,२४० किमी. मस्कत, बगदाद, अंकारा ही नावं पडद्यावर गेली, मोहेंजोदडो नाही. उड्डाणापासून उतरेपर्यंत १६ तास २० मिनिटं. न्यूयॉर्कला चाकं टेकली सकाळी ८:५५. इमिग्रेशन आणि बॅगा मिळून १ तास ५० मिनिटं. एडिसनला घरात दुपारी १२:००, म्हणजे सांगलीत रात्रीचे साडेनऊ.

एकूण ३४ तास ३० मिनिटं. त्यापैकी हवेत १६:२०, जमिनीवर १८:१०. एडिसनकर काका, तुम्ही थांब्याबद्दल म्हणाला होतात, आम्ही थांबा न घेताही जमीनच जिंकली. सांगली-मुंबई ३८० किमीला ९ तास आणि समुद्रापलीकडे १३ हजारांना १६.

खाली बाबांनी वेग काढलाय, ताशी ८११. शेजारी लिहिलंय : 'वळसा ७१० किमी, म्हणजे सुमारे ५३ मिनिटे. कारण : हद्द बंद. चालकाचा दोष नाही.'

आईने सूर्योदय बघितला. तो संपेचना म्हणून शेवटी खिडकी लावून झोपली.

खारेदाणे

माझे १४ तास मी मागे घेतो. बाबांना साष्टांग.

रनवे२७

'चालकाचा दोष नाही' हे फ्रेम करून आमच्या ऑफिसात लावायला द्या. परतीचं तिकीट कधीचं आहे? ऑक्टोबर-नोव्हेंबरात असेल तर वारा चांगला मिळेल.

कृष्णाकाठ

नोव्हेंबर, दिवाळीनंतर. बाबांनी वहीत त्या पानावर आत्ताच रकाने आखून ठेवलेत. 'समोरचा वारा' आणि 'पाठीचा वारा' असे दोन नवीन आहेत.